चित्र देऊन मागणे

तीस वर्षांचा एक माणूस ताटासमोर बसून हात आपटतो, ओरडतो. त्याला बोलता येत नाही. भोवतालचे म्हणतात, "आज याचं डोकं फिरलंय." कदाचित त्याला फक्त पाणी हवे असेल! तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या अनेक प्रौढांकडे मागायला शब्द नसतात. मग ओरडणे हीच त्यांची भाषा बनते.

अशांना चित्रांनी मागायला शिकवता येते. अमेरिकेतील डेलावेअर राज्यात अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ साली त्यासाठी एक पद्धत तयार केली. ती प्रथम लहान स्वमग्न मुलांसाठी होती. पुढे प्रौढांसाठीही वापरात आली. तिचे मर्म असे: चित्राकडे नुसते बोट दाखवायचे नाही, ते दुसऱ्याच्या हातात द्यायचे. बोट दाखवलेले कोणी पाहिलेच नाही, तर ते वाया जाते. चित्र द्यायचे, तर माणसाकडे जावेच लागते.

सुरुवातीला दोन शिक्षक हवेत. समजा, शिकणाऱ्याला चहा आवडतो. एक शिक्षक कप घेऊन समोर बसतो. मध्ये चहाचे चित्र ठेवलेले असते. शिकणाऱ्याने कपाकडे हात नेला, की मागे बसलेला दुसरा शिक्षक, काही न बोलता, तोच हात चित्राकडे वळवतो आणि ते समोरच्याला द्यायला मदत करतो. पहिला लगेच "चहा!" म्हणतो आणि चहा देतो. पुढे मागची मदत कमी करत न्यायची. या टप्प्यात "काय हवं?" असे विचारायचे नाही. नाहीतर तो प्रश्नाची वाट पाहत बसतो, आपणहून मागत नाही.

नंतर दोघांमधले अंतर वाढवायचे. मग आवडत्या व नावडत्या वस्तूंची दोन चित्रे ठेवायची. चुकीचे चित्र दिले, तर नावडती वस्तू हाती येते आणि चित्रांतला फरक उमगू लागतो. चित्र कळतच नसेल, तर रिकामा कप वापरून पाहावा.

चित्रांमुळे बोलणे मागे पडेल, अशी भीती पालकांना वाटते. संशोधनात तसे आढळलेले नाही. काहींचे बोलणे उलट थोडे वाढते.

आम्ही शिक्षकांना एवढेच सांगू: चित्रांची वही तासापुरती काढून कपाटात ठेवू नका. ती दिवसभर त्याच्याजवळ असू द्या. आणि तिच्यात "नको"चेही एक चित्र असू द्या.