मत्सराचा दोष कोणाच्या माथी?

नवी दिल्ली रेल्वे स्थानकातून पहाडगंजच्या बाजूला बाहेर पडले की काही पावलांवर मेन बाजार लागतो. स्वस्त लॉज, कपड्यांची दुकाने, परदेशी पर्यटक आणि त्यांच्या खोल्या झाडणारी परगावची मुले असे सारे या अरुंद रस्त्यावर एकत्र वावरतात. कॅनॉट प्लेसची झगमगती दालने येथून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. तुलना करायला दूर जावे लागत नाही.

माणूस स्वतःचे मोजमाप बहुधा आपल्यासारख्यांशी तुलना करून करतो, असे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडले. त्यामुळे झाडू मारणाऱ्या मुलाला श्रीमंत पर्यटकापेक्षा आपल्याच गावचा, पण रंगाने उजळ म्हणून स्वागतकक्षात नेमलेला सोबती अधिक सलावा, हे स्वाभाविक आहे.

आपल्या परंपरेने मत्सराला षड्रिपूंमध्ये गणले आणि मनोनिग्रहाचा उपाय सांगितला. बाजाराने याच वेदनेवर मलम विकले. १९७५ मध्ये आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातील गोरेपणाचा शब्द २०२० मध्ये गळाला, गोरेपणाची ओढ मात्र कायम राहिली. त्या ओढीपायी अनेक जण डॉक्टरांच्या सल्ल्याविना स्टिरॉइडयुक्त मलमे चोळतात. त्याने त्वचा पातळ होते, लाल पडते आणि मलम सोडताच त्रास वाढतो. हेवा शमत नाहीच, वर चेहराही बिघडतो.

मनोनिग्रह निरुपयोगी नाही. कोणाशी तुलना करायची हे काही अंशी आपल्या हाती असते. हाताला कसब आले, जिवाभावाची माणसे भेटली की आरशाची सत्ता कमी होते. परंतु रूपावर पगार ठरत असेल, तर तो सल केवळ मनाचा विकार कसा म्हणावा? तो अन्यायाची जाणीवही असतो.

राज्यघटनेचा १५ वा अनुच्छेद धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान यांवरून राज्याने भेदभाव करण्यास मनाई करतो. त्या यादीत वर्णाचा उल्लेख नाही. जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये सावळ्या रंगाला हिणवणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे आणली. जाहिरातीला लावलेला हा नियम नोकरभरतीलाही लागू व्हायला हवा. ‘देखणा उमेदवार हवा’ असे म्हणणाऱ्या मालकाला, कामासाठी देखणेपण कशाला लागते, हे विचारले गेले पाहिजे. तोवर झाडूवाल्या मुलाला संयम शिकवण्याचा अधिकार आपल्याला पुरता मिळत नाही.