पिवळा बेडूक: पाहा, पकडू नका
मृगाचा जोरदार पाऊस झाला की पनवेलजवळच्या ओवे परिसरासारख्या पाणी साचणाऱ्या सखल जागी बैलबेडूक दिसू शकतात. विणीच्या काळात नर हळदीसारखा पिवळा होतो आणि ओरडताना गळ्याशी दोन निळे फुगे फुगतात. रात्री बत्तीच्या झोतात तो दिपून जागीच बसतो, म्हणून सहज हाती लागतो. गोव्यात त्याच्या तंगड्या ‘जंपिंग चिकन’ या नावाने खाल्ल्या जातात. त्या परदेशीही जात. १९८७मध्ये भारताने ती निर्यात बंद केली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला पकडणं, मारणं, विकणं हा गुन्हा आहे. हा बेडूक शेतातले किडे फस्त करतो. शिवाय शिकार ऐन विणीत होत असल्याने पुढची पिढीही बुडते.