सेरेंगेटीची सहल: काय ठरवायचं आणि काय सोडून द्यायचं

मागच्या व्याख्यानानंतर एकांनी मला गाठलं आणि म्हणाले, "सर, टांझानियाला जायचंय. मायग्रेशन नक्की दिसेल असा महिना सांगा." आता प्रश्न सहलीचा आहे, पण त्यातला 'नक्की' हा शब्द तत्त्वज्ञानाच्या माणसाला स्वस्थ बसू देत नाही. म्हणून आज त्यावरच बोलू.

आधी हे प्राणी फिरतात का, ते बघू. विल्डबीस्ट, ज्याला नू असंही म्हणतात, तो गवत आणि पाणी यांच्या मागे जातो. सेरेंगेटीच्या दक्षिणेकडच्या मैदानांवर ज्वालामुखीची राख पसरलेली आहे. तिथलं आखूड गवत खनिजांनी समृद्ध असतं, आणि दूध पाजणाऱ्या आईला तेच हवं असतं. म्हणून फेब्रुवारीच्या सुमाराला, न्डुटूच्या परिसरात, थोड्याच आठवड्यांत बहुतेक पिल्लं जन्मतात. पाऊस संपला की तिथलं पाणी आटतं. मग कळप मे-जूनमध्ये पश्चिमेला ग्रुमेती नदीकडे आणि साधारण जुलै ते ऑक्टोबर उत्तरेला, बारमाही मारा नदीकडे असतात. नोव्हेंबरच्या पावसाबरोबर परत दक्षिणेला.

म्हणजे महिना सांगता येतो, पण तारीख नाही. पाऊस पंधरा दिवस पुढेमागे झाला की कळपही पुढेमागे होतात. म्हणून आधी काय बघायचंय ते ठरवा, मग महिना, आणि मुक्काम त्याच भागात घ्या. राष्ट्रीय उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटरचं आहे. दक्षिणेत राहून उत्तरेतली नदी बघू म्हटलं तर दिवस गाडीतच जाईल. एका भागात निदान तीन रात्री तरी काढा. वाटेत न्गोरोंगोरो लागतं. त्याची कड समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंच आहे, त्यामुळे आफ्रिका म्हणून स्वेटर घरी ठेवू नका.

काही गोष्टी मात्र खरोखरच 'नक्की' करता येतात. टांझानियात प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर २०१९पासून बंदी आहे, तेव्हा चकल्या-लाडू डब्यात न्या. छोट्या विमानाने जाणार असाल तर मऊ बॅग घ्या, कडक सुटकेस चालत नाही. गडद निळे-काळे कपडे टाळा, त्सेत्से माश्या त्यांच्याकडे येतात. केनियातही राहणार असाल तर पिवळ्या तापाची लस निघण्याआधी निदान दहा दिवस घ्या. ते कार्ड नसेल तर भारतात परतल्यावर विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा.

आता उरलं ते 'नक्की दिसेल का'. मी मारा नदीकाठी चार तास बसलो होतो. हजारो नू काठावर आले, पुढचे पाण्यापर्यंत उतरले, थबकले आणि सगळे मागे फिरले. आमच्या गाडीत कुणी म्हणालं, "एवढे पैसे भरले आणि हे काय?" ड्रायव्हरचा चेहरा पडला. बघा, इथेच गोम आहे. आपण पैसे प्रवासाचे आणि मुक्कामाचे भरतो, नूच्या निर्णयाचे नाही. पण ही तक्रार टाळायला गाड्या नदीच्या अगदी काठाशी घुसतात, उतरायची वाट अडते, आणि कळप बिचकून माघारी जातात. जे बघायला आलो तेच आपल्या हट्टाने बिघडतं. ताडोब्यात एका वाघाभोवती गाड्यांचा गराडा पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही पाणघोडे पाहिले, मगरी पाहिल्या, आणि आईला हाका मारत फिरणारं एक पिल्लू. माझ्या आठवणीत ते पिल्लूच राहिलंय.

म्हणून एवढंच करा. पहिल्याच सकाळी ड्रायव्हरला सांगा, की आम्हाला घाई नाही, प्राण्यांची वाट अडवू नका. आणि टिप काय दिसलं यावर ठरणार नाही, हेही मोकळेपणाने सांगून टाका.