संगणकावरील खिडक्यांची शिस्त
संगणकाच्या पडद्यावरील खिडक्या कोठे व केवढ्या मांडाव्यात हे ठरविणारी आज्ञावली म्हणजे विंडो मॅनेजर होय. लिनक्समध्ये ती स्वतंत्र असल्याने बदलता येते. २००६ साली निघालेल्या ‘डीडब्ल्यूएम’ या आज्ञावलीच्या कर्त्यांनी तिचा मजकूर २००० ओळींच्या आत ठेवण्याचा नेम केला. तीत शोभेची चित्रे नाहीत. वर्गातील बाकांप्रमाणे खिडक्या एकमेकींस न झाकता शेजारी बसतात व कळफलकावरूनच हलविता येतात. असली आज्ञावली स्मृती फार थोडी व्यापते. यास्तव आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या शाळेचा जुना संगणक मंदावल्यास, तो मोडीत घालण्यापूर्वी हा उपाय अवश्य करून पाहावा. मात्र ब्राउझरचे ओझे याने हलके होत नाही, आणि कळांच्या जोड्या पाठ कराव्या लागतात. विद्यार्थ्यांनो, पाढे पाठ करणाऱ्यास ते अवघड नाही.