रसूलनबीबी : शहादतीनंतरची चोपन्न वर्षे

१९६५ च्या युद्धाची गोष्ट निघाली की शहीद अब्दुल हमीद यांचे नाव निघतेच. पंजाबातील खेमकरणचा भाग, असल उत्तरची लढाई, चीमा गावाजवळची उभी पिके, जीपवर बसवलेली तोफ आणि समोरून येणारे पॅटन रणगाडे. आपल्या घरांत लहान मुलांनाही ही गोष्ट माहीत असते. ही लढाई ८ ते १० सप्टेंबर अशी तीन दिवस चालली. १० सप्टेंबरला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, हमीद शहीद झाले आणि तिथे आपली गोष्ट संपते.

पण त्याच दिवशी उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यात दुसरी गोष्ट सुरू झाली होती. ती जवळजवळ चोपन्न वर्षे चालली आणि २ ऑगस्ट २०१९ रोजी संपली. ती गोष्ट त्यांच्या पत्नी रसूलनबीबी यांची. वर्गात मी परमवीर चक्राच्या मानकऱ्यांची नावे विचारते, तेव्हा भराभर हात वर होतात. त्यांच्यापैकी एकाच्या तरी पत्नीचे नाव सांगा म्हटले की वर्ग गप्प होतो. मुलांचा यात काय दोष? आपणच त्यांना ते कधी सांगितलेले नाही.

हमीद यांचे गाव धामूपूर, जिल्हा गाझीपूर. वडील शिंपीकाम करत आणि हमीदही त्यांना हात लावत. डिसेंबर १९५४ मध्ये ते फौजेत भरती झाले. ग्रेनेडियर्स रेजिमेंटच्या चौथ्या पलटणीत त्यांनी काम केले आणि १९६२ च्या चीन युद्धातही ते आघाडीवर होते. म्हणजे १९६५ च्या आधीपासूनच रसूलनबीबी फौजीची बायको म्हणून जगत होत्या. हे जगणे कसे असते ते फौजींच्या घरांना सांगायला नको. संसार रजेच्या दिवसांवर चालतो. मुलांची आजारपणे, शेतीचे वाद, घरातली लग्ने आणि मयती, सगळे तिनेच निभवायचे. सीमेवर तणाव वाढला की घासही गोड लागत नाही.

पती गेला तेव्हा पदरात चार मुलगे आणि एक मुलगी होती. आपल्याकडे विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची. १० सप्टेंबर १९६५ पासून चांद्रमासांचा हिशेब मांडला तर ती मुदत जानेवारी १९६६ च्या मध्याला, ऐन रमजानच्या शेवटच्या अशऱ्यात पुरी होते. त्याच महिन्याच्या ११ तारखेला ताश्कंदमध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींचे निधन झाले होते आणि देश शोकात होता. मग ईद आली. मुलांना अब्बांशिवायची ही पहिलीच ईद. आणि ईदनंतर काही दिवसांतच, २६ जानेवारीला, रसूलनबीबी दिल्लीत राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्यासमोर उभ्या होत्या. पतीचे परमवीर चक्र त्यांनी आपल्या हातात घेतले. त्या युद्धात हा सन्मान दोघांनाच मिळाला, अब्दुल हमीद आणि पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल तारापोर यांना. दोघांनाही तो मरणोत्तरच होता. आपण कॅलेंडरवर या तारखा एकापुढे एक वाचतो. त्या माउलीने हे दिवस कसे काढले असतील, हे अल्लाहच जाणे.

तिच्या हाती आलेल्या पदकाचीही एक हकीकत आहे. कांस्याचे हे पदक, त्यावर इंद्राची चार वज्रे आणि वर जांभळी फीत. त्याचा आराखडा सावित्रीबाई खानोलकर यांनी तयार केला. त्या जन्माने युरोपियन. त्या भारतात आल्या, विक्रम खानोलकर या मराठी फौजी अधिकाऱ्याशी त्यांनी लग्न केले आणि त्या इथल्याच होऊन गेल्या. १९५२ मध्ये त्यांचेही पती गेले. म्हणजे देशातले हे सर्वोच्च युद्धपदक एका फौजीच्या पत्नीने घडवले आणि दुसऱ्या फौजीच्या पत्नीने ते पांढऱ्या वस्त्रात नसेल, तरी वैधव्याच्या दिवसांत स्वीकारले. शौर्याच्या कहाण्यांत बायका दिसत नाहीत, पण पदकापर्यंत मागोवा घेतला की त्या तिथे असतातच.

त्यानंतर वृत्तपत्रे दुसऱ्या बातम्यांकडे वळली. रसूलनबीबींना मात्र पाच लेकरे वाढवायची होती. सब्र म्हणजे डोळे पुसून गप्प बसणे, असा अर्थ आपल्याकडे बायकांना शिकवला जातो. रसूलनबीबींचे आयुष्य पाहिले की त्या शब्दाचा खरा अर्थ कळतो. सब्र म्हणजे टिकून राहणे, आणि हक्काची गोष्ट असेल तर न थकता मागत राहणे.

२००८ मध्ये, म्हणजे पतीच्या शहादतीला त्रेचाळीस वर्षे होत आली असताना, त्या लखनौला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना भेटल्या. प्रतिभाताई आपल्या जळगावच्या. एका वृद्धेने दुसऱ्या ज्येष्ठ स्त्रीपुढे आपल्या मागण्या ठेवल्या. हमीद यांच्या गावात फौजेचे भरती केंद्र व्हावे. दुल्लहपूरच्या घराचे स्मारक व्हावे. त्यांचा शहादत दिन देशपातळीवर पाळला जावा. नातवंडांना सरकारी नोकरी मिळण्यास मदत व्हावी.

या मागण्या नीट वाचाव्यात. पहिली मागणी भरती केंद्राची आहे. ज्या फौजेने पती नेला, त्याच फौजेत गावातल्या पोरांना जाण्याची वाट सोपी व्हावी, असे तिला वाटत होते. मुसलमानांच्या देशप्रेमाचा पुरावा मागणाऱ्यांनी ही एक ओळ वाचली तरी पुरे. आणि शेवटची मागणी नोकरीची आहे. काहींना ती किरकोळ वाटेल, मला वाटत नाही. सन्मानपत्र भिंतीवर शोभते, पण चूल रोज पेटवावी लागते. शहिदाचे घर आहे म्हणून त्याला भूक लागत नाही, असे थोडेच असते?

दरवर्षी १० सप्टेंबरला धामूपूरमध्ये शहीद हमीद यांची आठवण जागवली जाते. रसूलनबीबींची इच्छा होती की आपण हयात असताना एकदा तरी लष्करप्रमुखांनी या कार्यक्रमाला यावे. म्हातारपणी प्रवास करून त्यांनी स्वतः जनरल बिपिन रावत यांना आमंत्रण दिले. १० सप्टेंबर २०१७ रोजी जनरल रावत गाझीपूरला आले आणि त्यांच्या हस्ते स्मारकाचे अनावरण झाले. लढाईला त्या दिवशी बावन्न वर्षे झाली होती. पुढे दोन वर्षांच्या आतच, दुल्लहपूरच्या घरी, नव्वदी गाठलेल्या रसूलनबीबींचा इंतकाल झाला. हमीद यांची कबर दूर पंजाबात, असल उत्तरच्या मातीत आहे.

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, फौजींची घरे आपल्या महाराष्ट्रातही कमी नाहीत. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत, आपल्या मोहल्ल्यांतही, एखादी आजी, नानी, फुफी अशी असेल जिचा नवरा किंवा मुलगा फौजेत होता. दादांचा वर्दीतला फोटो दिवाणखान्यात असतो. आजीने ती वर्षे कशी काढली, हे मात्र कुणी विचारलेले नसते. या सुट्टीत मुलांना तिच्याजवळ बसवा. पत्र किती दिवसांनी यायचे, रजा संपून ते निघाले की घरात काय व्हायचे, तार आली तेव्हा वाचून कोणी दाखवली, हे विचारू द्या आणि वहीत लिहू द्या. आजी आहे तोवरच हे होईल.

आणि तिची कागदपत्रेही एकदा बघा. फौजीच्या पेन्शनच्या कागदावर पत्नीचे नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी जुळते का? ‘बी’, ‘बानो’, ‘बेगम’ यांच्या फरकाने आपल्या बायकांची कामे अडतात. फरक असेल तर पती हयात असतानाच दुरुस्ती करून घ्या. अडचण आली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे, ते याच कामासाठी आहे. नंतर एकट्या बाईला हे हेलपाटे घालायला लावणे म्हणजे तिच्या सब्राची परीक्षा घेणे आहे.

अब्दुल हमीद यांचे नाव मुलांना शिकवतच राहू. त्याच्या शेजारी रसूलनबीबींचेही लिहू. अल्लाह दोघांची मगफिरत करो, त्यांचे दर्जे बुलंद करो. आमीन.