विकीच्या दुव्यात पानाचे नाव आपोआप कसे येते?

मराठी विकिपीडियावर आपल्या गावाबद्दल, संस्थेबद्दल लिहू पाहणाऱ्या सभासदांना एक प्रश्न हमखास पडतो. दुवा देताना पानाचे शीर्षक दर वेळी पुन्हा टाइप करायलाच हवे का? नेहमी नाही.

वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली. तिच्यात दोन-तीन इंग्रजी शब्द जोडून प्रत्येकाचे पहिले अक्षर मोठे लिहिले, की झाला दुवा. शीर्षक हाच दुवा. देवनागरीत मोठी-लहान अक्षरेच नसल्याने ती सोय आपल्या काय कामाची! विकिपीडियाने २००१ मध्ये दुहेरी चौकोनी कंस स्वीकारले आणि २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाला ते आयतेच मिळाले.

[[इंदूर]] असे लिहिले की शीर्षक हेच दुव्याचे अक्षर होते. [[इंदूर]]ला असे लिहिले, तर कंसाबाहेरचा 'ला'सुद्धा दुव्यातच धरला जातो. देवास, धार, उज्जैन, ग्वाल्हेर यांचेही असेच सुरळीत चालते. अडते ते पुणे आणि बडोदे यांच्यापाशी. [[पुणे]]त म्हटले तर 'पुणेत' दिसेल, आणि तसे कोण बोलतो? तिथे [[पुणे|पुण्यात]] असे उभी रेघ देऊन हातानेच लिहावे लागते. सामान्यरूप काही यंत्राला कळत नाही.

आता कंसातल्या शीर्षकांचे पाहू. 'सिंहासन' ही अरुण साधू यांची कादंबरी, आणि त्याच नावाचा चित्रपटही. अशा वेळी पानाच्या शीर्षकात 'सिंहासन (चित्रपट)' असा खुलासा करतात. वाक्यात मात्र तो नको असतो. मग [[सिंहासन (चित्रपट)|]] असे लिहून रेघेनंतरची जागा मोकळी सोडायची. पान जतन करताना 'सिंहासन' हा शब्द तिथे आपोआप भरला जातो. तळटीपेत ही युक्ती चालत नाही, एवढे ध्यानात असू द्या.

दुसरी सोय साच्यांसाठी आहे. रोमन लिपीतल्या मोठ्या अक्षरांत 'पेजनेम' हा शब्द दुहेरी महिरपी कंसात लिहिला, की तो ज्या पानावर असेल त्या पानाचे शीर्षक तिथे उमटते. एकच साचा शंभर पानांवर लावा, प्रत्येक पानावर दुवा त्या-त्या नावाचाच होईल. बाहेरच्या संकेतस्थळाचा पत्ता तयार करायचा असेल, तर त्या शब्दाच्या शेवटी आणखी एक 'ई' जोडतात, म्हणजे शीर्षक पत्त्यात चालेल अशा रूपात येते. देवनागरीचे एकेक चिन्ह पत्त्यात नऊ खुणांचे होते. 'इंदूर'मध्ये अनुस्वार आणि ऊकार धरून पाच चिन्हे, म्हणजे पंचेचाळीस खुणा. व्हॉट्सॲपवर दुवा पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची जी लांबलचक माळ दिसते, ती हीच.

या दोन सोयींत एक महत्त्वाचा फरक आहे. बँकेतल्या माणसाला तो लवकर कळतो. पासबुकात एकदा छापलेली नोंद तशीच राहते, पडद्यावरची शिल्लक मात्र त्या क्षणाची असते. रेघेची युक्ती पासबुकासारखी आहे आणि पेजनेम पडद्यासारखे. उद्या कोणी 'बेळगाव' हे शीर्षक बदलून 'बेळगावी' केले (कर्नाटकात सरकारी नाव २०१४ पासून तसे आहेच), तर पेजनेमवर चालणारे त्या पानावरचे सगळे दुवे न विचारता बदलतील. जुन्या नावाचे पान सहसा पुनर्निर्देशन म्हणून उरते, त्यामुळे वाक्यांतले दुवे तुटत नाहीत. आणि वाक्यात तुम्ही 'बेळगाव' लिहिले असेल, तर ते 'बेळगाव'च दिसत राहते.

म्हणून साच्यात पेजनेम खुशाल वापरावे. लेखाच्या वाक्यांत मात्र आपल्या घरात जे नाव बोलले जाते, ते स्वतःच्या हाताने लिहावे असे मला वाटते. जतन करण्याआधी 'झलक' पाहायला विसरू नका. 'पुणेत' असले काही राहिले असेल, तर ते तिथेच दिसते.