पावणेदोन एकरांचा मळा

दुसऱ्या महायुद्धात, खाण्यापिण्याची टंचाई असताना, फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतातल्या व्होन-रोमाने गावाच्या वरच्या अंगाला एका खडकाळ तुकड्यात सूर्यफुलाच्या जातीचे कंद पिकत होते. द्राक्षवेली तिथे पूर्वी होत्या. फायलॉक्सेरा किडीने त्या संपवल्या आणि त्या चढावर पुन्हा लागवड करण्याच्या फंदात कुणी पडलं नाही. क्रो पारांतू हे या अडीच एकरांचं नाव. गावच्याच आँरी जाये यांनी त्यातली सुमारे पावणेदोन एकर जमीन मिळवली, आपल्याकडे विहिरीला लावतात तसे शेकडो सुरुंग लावून खडक फोडला आणि पिनो न्वार जातीची द्राक्षं लावली.

जाये काही जमीनदार नव्हते. 1945 पासून ते कामुझे घराण्याच्या बागा चक्क अर्धलीने कसत होते. मात्र दिजाँच्या विद्यापीठात वाइनचं शास्त्र शिकले होते, आणि मतं पक्की होती: झाडावर कमी घड ठेवायचे, रासायनिक फवाऱ्यांऐवजी नांगरणी करायची, मणी देठापासून वेगळे करायचे, आंबवण्यापूर्वी रस थंड ठेवून सालीचा रंग-गंध त्यात उतरू द्यायचा आणि बाटलीत भरताना गाळायचं नाही. 1978 च्या हंगामापासून क्रो पारांतूची वाइन स्वतंत्र नावाने निघू लागली. वर्षाला बाटल्या जेमतेम साडेतीन हजार.

एवढ्याशा मालावर गुंतवणूकदारांची नजर का जाते? कारण तो वाढवताच येत नाही. मागणी वाढली म्हणून कारखाना दुसरी पाळी सुरू करतो. इथे डोंगर तेवढाच, वेली तेवढ्याच. शिवाय कुणी एक बाटली उघडली की जगातला साठा एकाने घटतो. जाये यांचा शेवटचा हंगाम 2001 चा. 2006 मध्ये ते गेले, आणि मग नवी भर पडण्याचा प्रश्नच उरला नाही. जून 2018 मध्ये त्यांच्या तळघरातल्या उरल्यासुरल्या 855 बाटल्या आणि दीड लिटरच्या 209 मॅग्नम बाटल्या मुलींनी जिनिव्हात लिलावाला काढल्या. आले सुमारे 3 कोटी 45 लाख स्विस फ्रँक. म्हणजे नगामागे सरासरी बत्तीस हजारांवर!

या आकड्यात चवीइतकाच तळघराचा वाटा आहे. माल थेट करणाऱ्याच्या घरातून आला होता, मधे एकही हात नाही. याचं मोल कळायला 2008 चा न्यूयॉर्कचा प्रसंग आठवावा. मोरे-सँ-दनी गावच्या पाँसो कुटुंबाच्या क्लो सँ-दनीच्या 1945 पासूनच्या बाटल्या तिथे लिलावात होत्या. लोराँ पाँसो यांनी त्या मागे घ्यायला लावल्या, कारण ही वाइन त्यांच्या घरात 1980 च्या दशकात पहिल्यांदा तयार झाली होती! त्या बाटल्या आणणारा रुडी कुर्नियावान स्वयंपाकघरात बनावट वाइन मिसळून लेबलं चिकटवायचा. 2014 मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली.

वाइन ना व्याज देते, ना लाभांश. उलट थंड, दमट गोदामाचं भाडं आणि विम्याचा हप्ता तीच मागते. लंडनमधले खरेदीदार बाटल्या बहुधा सरकारी देखरेखीच्या गोदामातच ठेवतात, म्हणजे कर भरावा लागत नाही आणि साठवणुकीचा पुरावाही राहतो. अनेकांना आपली पेटी कधी दिसतही नाही. दर पाहायला 2000 साली सुरू झालेला लिव्ह-एक्स हा बाजार आहे. बर्गंडीचे भाव 2022 पर्यंत चढत गेले आणि मग घसरले. उशिरा आलेल्यांचे हात पोळले. मुंबईच्या हौशी माणसाला तर घरात जपलेली बाटली परवान्याशिवाय विकताही येत नाही.

आणि शेतकऱ्याच्या पदरात काय पडतं? पहिल्या विक्रीची किंमत. पुढच्या हातबदलांतला नफा साठवणाऱ्याचा आणि दलालाचा.

क्रो पारांतू आजही पिकतं. जाये यांच्या वाट्याच्या वेली त्यांचे भाचे एमान्युएल रुजे यांच्या घराकडे आल्या, उरलेला तुकडा मेओ-कामुझे यांचा. माती तीच, सुरुंगांनी मोकळी केलेली. रुजे यांची बाटलीही महागच, पण जाये यांचं नाव असलेल्या बाटलीपेक्षा काही पटींनी स्वस्त. ती दर वर्षी नव्याने भरली जाते.